तेविसावा कोस

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

फोटोग्राफर मोरितांना चिकलठाण्याला विमानावर सोडून आलो. नऊ दिवस त्यांच्याबरोबर होतो. गाडी चालवणं, ट्रायपॉड उचलणं, हॉटेलवाल्यांशी बोलणं. अजिंठा बघायला जपानहून आले खरे, पण लेण्यांत दोनच दिवस गेले. बाकीचा आठवडा फर्दापूरच्या सराईच्या दारात उभं राहून रस्ता कुठून येतो आणि कुठं जातो, एवढंच बघत होते.

त्यांनी एकाच वाटेवर अठरा वर्षं काढलीत. क्योतोहून टोकियोला डोंगरातून जाणारी जुनी पायी वाट. दर ऋतूत त्याच जागांचे फोटो. त्यांचं पुस्तक दोनदा बघितलं. ओले दगड, धुकं, एक बंद दुकान. सगळ्या पुस्तकात एकही माणूस नाही. बरं वाटलं.

विमानतळावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या शहरातून जुनी वाट कुठं जायची? मी म्हणालो, जालना रोड. ते म्हणाले, ती नवी. तिच्याआधी कोणती होती?

मला सांगता आलं नाही. चव्वेचाळीस वर्षं याच गावात काढली.

उद्या चितेगावच्या कारखान्यात गॅस्केटचे फोटो. एकशे दहा नग, मागं पांढरा कागद.

३ डिसेंबर, रविवार

ठरवलं. पैठणहून निघून देवगिरीच्या पायथ्याशी येणारी आणि तिथून लासूरकडं जाणारी वाट. मोजली तर तीस कोस भरते. कोस सव्वातीन किलोमीटरचा धरला. प्रत्येक कोसावर एक जागा, प्रत्येक जागेचा एक फोटो, हिवाळा-उन्हाळा-पावसाळा, पाच वर्षं. एकच लेन्स. फोटोत माणूस नको, गाडी नको.

माझी बायको जहांआरा शाळेच्या वह्या तपासत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "माणसं नसली तर तुम्हाला सोपंच जाईल." मी हो म्हणालो. नंतर वाटलं, तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं असावं. विचारलं नाही.

वाट नेमकी कुठून जायची, हा प्रश्न आहे. निजामाच्या वेळचे दोन नकाशे मिळाले, त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. तिसरा नकाशा म्हणजे अब्बा. बहात्तरच्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून लागले आणि दोन हजार सातला निवृत्त झाले. आता पंचाहत्तरीला आलेत. जिल्ह्यातल्या मोऱ्या त्यांना पोरांच्या नावांसारख्या पाठ आहेत. येता का विचारलं, तर चपला घालूनच बसले.

१७ डिसेंबर, रविवार

अब्बांना घेऊन पैठण रस्त्यावर. सकाळी सहाला निघालो, अकरापर्यंत पाच जागा झाल्या. कामाचा माणूस आहे. चितेगावच्या अलीकडं एका वळणावर गाडी थांबवायला लावली.

"हा मोड बघ. इंजिनिअर असं वळण काढत नाय. बैल काढतो. खाली दलदल असनार तवा."

उतरून बघितलं. रस्त्याच्या कडेला जुन्या फरसबंदीचे चार दगड होते. तो सहावा कोस धरला.

एकच त्रास. अब्बा सगळ्यांशी बोलतात. रसवंतीवाला, मेंढ्यांमागं चाललेली बाई, पाटबंधाऱ्याचा वॉचमन. अब्बांचं मराठी कामावरचं आहे, माणसं लगेच आपली होतात, आणि मग हलत नाहीत. एका फोटोसाठी चाळीस मिनिटं थांबलो. घरी येताना म्हणाले, लई दिवसांनी बरं वाटलं.

७ जानेवारी २०२४, रविवार

दौलताबाद मागं टाकलं. एकविसावा कोस झाला. पुढं दोन्ही नकाशे पहिल्यांदाच एकमेकांशी जुळतात. रेघ सरळ चिंचदरा नावाच्या गावाकडं जाते आणि गावाजवळ विहिरीची खूण आहे. एका नकाशात उर्दूत 'बावली' लिहिलंय. म्हणजे पायऱ्यांची बारव. तांड्यांचा मुक्कामच असणार तिथं. तेविसावा कोस नेमका तिच्यावर पडतो.

अब्बा म्हणाले, "तिकडून नाय. डाव्या अंगानं खाली उतर."

"दोन्ही नकाशांत वाट उजवीकडं आहे, अब्बा."

"नकाशा कुनी काढला? साहेबानं. घोड्यावर बसून."

"बारव आहे म्हणे तिथं."

"तिथं काय नाय."

मग गुडघा दुखतोय म्हणाले, परत फिरलो. गाडीत पूर्ण वेळ उजव्या खिडकीतून बाहेर, चिंचदऱ्याच्या उलट बाजूला बघत होते. त्या बाजूनं ऊन येत होतं, तरी मान वळवली नाही.

बावीस, तेवीस, चोवीस राहिले. अब्बांचा अंदाज सहसा चुकत नाही. डावीकडची वाट एकदा तपासली पाहिजे.

२८ जानेवारी, रविवार

डावीकडं वाट नाही. नाला आहे आणि त्यापलीकडं खडक. तिथून बैल उतरला नसता, माणूससुद्धा नाही. अब्बांना सांगितलं नाही. वय झालंय, होतं असं.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिले सत्तावीस फोटो पुण्याला पाठवले होते. तिथल्या एका कलासंस्थेत सोनिया नावाच्या बाई प्रदर्शनांचं बघतात. त्यांचा आज फोन आला, पाऊण तास बोलल्या. फोटो थंड आहेत आणि ते चांगलं आहे, म्हणाल्या. पुढच्या फेब्रुवारीत एक दालन मोकळं आहे, माझं एकट्याचं प्रदर्शन करू. पण रेघ अखंड पाहिजे.

"मधली तीन कोसांची पोकळी का आहे? आणि बारव तिथंच आहे ना? ती तर मधोमध येईल, मोठी करून लावू."

मी म्हणालो, होऊन जाईल.

वीस वर्षं कारखान्यांच्या कॅटलॉगमध्ये माझे फोटो छापले जातात. खाली नाव नसतं. असण्याचं कारणही नाही.

१९ मे, रविवार

ऊन फार. उन्हाळ्याची फेरी पहाटे उरकतो. अब्बा आता येत नाहीत. फेब्रुवारीत दोनदा चिंचदऱ्याचा विषय काढला, तेव्हापासून. तिसऱ्यांदा मी नकाशा त्यांच्यापुढं पसरला आणि बोट ठेवलं. ते उठून नमाजला गेले. नमाजची वेळ व्हायला अजून अर्धा तास होता.

त्यांचं जेवण कमी झालंय. ऊन बाधलं असावं.

जहांआरा म्हणाली, "तुम्ही त्यांना विचारलंत, की नुसता नकाशा दाखवलात?"

यात फरक काय, ते कळलं नाही.

१४ जुलै, रविवार

पावसाळी फेरी सुरू. सतरा जागा झाल्या. सगळं हिरवं झाल्यावर वाट जास्त स्पष्ट दिसते, हे माहीत नव्हतं. दबलेल्या मातीवर गवत उशिरा येतं.

संध्याकाळी अब्बांनी गॅलरीत बसून विचारलं, आज कुठं कुठं गेलास. सांगितलं. ते एकेक जागा बोटावर धरत होते. दौलताबादपर्यंत आल्यावर बोटं मिटली आणि चहा मागितला.

१५ सप्टेंबर, रविवार

एकटाच चिंचदऱ्याला गेलो. सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या मला हे वेगळं आठवेल.

बारव नाही. नकाशावरच्या जागी एक पसरट खड्डा आहे, त्यात बाभळी. शेजारून गावाचा डांबरी रस्ता जातो. सरळ, अडीच-तीन किलोमीटर. फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे, धम्मपाल नावाचा पस्तिशीचा माणूस चालवतो. त्याला विचारलं.

"बारव? ती कवाच रस्त्यात गेली."

"रस्त्याखाली का?"

"खाली नाय ओ. रस्त्यात. फोडून खडी केली तिची. आवडाबाईला इचारा, तिनं फोडलीय."

दुकान तसंच उघडं ठेवून तो मला घेऊन गेला. आवडाबाई ओट्यावर उडदाच्या शेंगा सोलत होती. पंचाहत्तरीच्या आसपास, मान एका बाजूला किंचित आखडलेली. मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. बाजूची शेंगांची पाटी सरकवली, मी बसलो.

"भात्तरचा दुष्काळ," ती म्हणाली. "तुमचा जनम नसंल. सारं गाव खडी फोडायला. आजूबाजूच्या चार गावांचं मानूस. जवळचा दगड सपला. मंग बारव फोडली. काळा दगड, घडीव. एकेक पायरी अशी, की दोन मानसं निजावी. घनाला दाद देत नव्हती."

"फोडायला कोणी सांगितलं?"

"निजाम मुकादमानं. मुसलमानाचं पोर व्हतं, नुकतं मिसरूड फुटलेलं. लई कडक. हाजरीला उशीर झाला की माघारी धाडायचा."

मी विचारलं, त्यांनी असं का सांगितलं?

"ते त्यालाच ठावं. आमाला त्या दगडात मिलो दिसत व्हता." मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, धम्मपालनं मला समजावून सांगितलं. मला माहीत होतं. घरी अब्बांच्या तोंडून कितीदा ऐकलंय, मिलोच्या भाकरीला चव नसायची.

निजाम मुकादम म्हणजे निजामुद्दीन, माझे वडील, हे मी तिला सांगितलं नाही. फोटोही काढला नाही. उजेड सपाट होता.

१६ सप्टेंबर, सोमवार

अब्बांशी बोललो नाही. काय बोलणार. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी मला नाल्यात उतरवलं.

जी वाट मी शोधतोय तिच्यावरची सगळ्यात मोठी वस्तू माझ्या बापानं फोडली. असं लिहिलं की स्पष्ट दिसतं. राग आला असं म्हणता येणार नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

सोनियांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, हे तर बारवेपेक्षा मोठं आहे. तेविसाव्या फोटोच्या जागी नुसता रस्ता लावायचा आणि शेजारी भिंतीवर मजकूर. फोटोग्राफरचा बापच, वगैरे. तुम्ही लिहा, मी हात फिरवते.

पटलं. रेघ अखंड राहते.

६ ऑक्टोबर, रविवार

मजकूर तयार. सुरुवात अशी केली: 'ही बारव १९७२च्या दुष्काळात फोडली गेली. ती फोडायचा हुकूम देणारा मुकादम निजामुद्दीन माझा बाप.' वाक्य चांगलं आहे. पहिल्याच ओळीत धरून ठेवतं.

जहांआरानं वाचलं. म्हणाली, "हे पुण्यात भिंतीवर लागेल. मग कोणीतरी मोबाइलवर फोटो काढेल. मग तो इथं येईल. बारव, मुकादम आणि त्याचं नाव. पुढचं लोक स्वतःच लिहितील."

मी म्हणालो, यात खोटं एक अक्षर नाही.

"मी खोटं म्हटलंच नाही," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

२० ऑक्टोबर, रविवार

कागद टेबलावरच होता. मी विसरलो म्हणून राहिला, की मुद्दाम ठेवला, नीट सांगता येत नाही. दुपारी बाहेरून आलो तर अब्बा चष्मा लावून वाचत होते. त्यांनी पूर्ण वाचला, घडी घालून माझ्याकडं दिला.

"यात खोटं काय नाय," ते म्हणाले. "पन दोनशे चाळीस मानसं होती. ती नाय लिहिली तू."

मी खुर्ची ओढून बसलो. पहिल्यांदाच विचारलं, अब्बा, काय झालं होतं.

त्यांनी सांगितलं ते जमेल तसं त्यांच्याच शब्दांत:

"मार्चात जवळची खान सपली. ओव्हरसियर म्हनला, दगड नाय तर काम नाय. साईट बंद. मजूर वेरूळच्या बाजूला पाठवा. अकरा मैल. बाया पोटुशा, कुनाच्या अंगावर पोर. रोज कोन चालनार. मी म्हनलो, साहेब, दगड आहे. कुठं? मी हात केला. तो बघत राहिला. मंग म्हनला, मी आज हिकडं आलोच नाय. जीपमध्ये बसून गेला.

"बारव कोरडी ठक्क. तळाला भेगा पडलेल्या. पन पहिला घन कुनी घालंना. खालच्या पायरीवर पान्यातल्या आसरांचे सात दगड होते, ते बायांनी आधी उचलले, लिंबाखाली नेऊन मांडले, कुंकू लावलं. तेवढा मी थांबलो. मंग पहिला घन मीच घातला. तेवीस वर्साचा होतो. हात आठ दिवस सुजला."

"काम किती दिवस चाललं?"

"जून लागंपर्यंत. त्या साईटवर उपाशी कुनी मेलं नाय. बाजूच्या साईटवर मेले."

त्यांनी चष्मा काढला, म्हणाले, "पुढच्या साली पाऊस लई झाला. भरायला बारव नव्हती."

मग बदली मागून घेतली आणि परत त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. लासूरला जायचं तर गंगापूरवरून जायचे. लहानपणी मला वाटायचं, तोच रस्ता आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

मी विचारलं, चलता का. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. फाट्याजवळ मला गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. नळाच्या पाइपसाठी तिथं चर खणलाय, त्यात रस्त्याचा कापलेला थर दिसतो. वर डांबर, खाली खडी. ते गुडघ्यावर बसले. गुडघा खरंच दुखतो त्यांचा. खडीतला एक तुकडा बोटानं उकरून काढला. तीन बाजू खडबडीत, एक बाजू हात फिरवावा इतकी गुळगुळीत. पुसला, आणि परत जिथला तिथं बसवला.

धम्मपालला मी आज खरं सांगितलं, हे माझे वडील.

"माझी आजी केसरबाई तुमच्या कामावर होती," तो म्हणाला. "आमच्या लोकांना त्या बारवेत उतरू देत नव्हते. वरून कुनी ओतलं तर पानी. आजी सांगायची, मी त्या पायऱ्या पहिल्यांदा उतरले ते घन घेऊन."

"हौ," अब्बा म्हणाले. "केसरबाई बन्सी. डावखुरी."

धम्मपालला हे माहीत नव्हतं. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि आमच्याबरोबर आला.

आवडाबाईनं अब्बांना ओळखायला वेळ लावला नाही. "मुकादम, म्हातारे झाला," ती म्हणाली. त्यांना बाजेवर बसवलं, स्वतः ओट्यावर बसली. मी आणि धम्मपाल उंबऱ्याशी उभे राहिलो.

"तेरा वर्सं डोक्यावर पानी आनलं," ती म्हणाली. "नदीवरून. दोन खेपा सकाळी, दोन संध्याकाळी. हापसा शहाऐंशीला आला. ही मान तवापास्नं वळत नाय."

"बरोबर आहे," अब्बा म्हणाले.

"फोडली म्हनून राग धरत नाय मी. फोडली म्हनून माझं पोरगं जगलं. लासूरला आडतीवर आहे आता, त्याला नातू झाला. राग याचा, की नंतर एकदा बी फिरकला नाय. पान्याला चाललेल्या बाया एकदा बघून जायच्या व्हत्या तुमी."

अब्बांनी मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "च्या बिनसाकरेचा घेता का?" ते हो म्हणाले.

बावीस आणि चोवीस मागंच झाले होते, निघताना तेविसाव्या कोसाचा फोटो काढला. खड्डा, बाभळी, अर्धा रस्ता. सामान्य आला. राहू दे.

१ डिसेंबर, रविवार

सोनियांना कळवलं की तो मजकूर लावणार नाही. फोटो तेवढा घ्या.

त्या शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, मुनीब, मजकुराशिवाय तो एक खड्डा आहे. बाकीचे एकोणतीस चांगले आहेत, पण तसे चांगले फोटो माझ्याकडं पुष्कळ येतात. मी म्हणालो, समजतं मला. त्या दालन दुसऱ्या कोणाला देणार आहेत. पुढं कधी तरी बघू, म्हणाल्या.

जहांआरानं विचारलं, वाईट वाटलं का. नाही म्हणालो.

"मग दुपारपासून एकच लेन्स कशाला पुसताय?"

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. नाव छापलं गेलं असतं. दालनाची लांबी-रुंदीसुद्धा मी मागवून घेतली होती आणि मधल्या खोलीत गादीवर तीस कागद मांडून बघितले होते. आज ते उचलून ठेवले.

२२ डिसेंबर, रविवार

हिवाळी फेरी. दुसरं वर्ष सुरू झालं. फेरी थांबवायचं कारण दिसत नाही. मोरितांना ईमेल केला होता, बारव, अब्बा, प्रदर्शन, सगळं थोडक्यात. आज दोन ओळींचं उत्तर आलं. त्यांना पहिल्या नऊ वर्षांत एकही प्रदर्शन मिळालं नव्हतं. आणि तुमचे वडील कसे आहेत?

अब्बा बरे आहेत. जेवण वाढलंय. रविवारी सकाळी लासूरची एसटी धरून एकटेच चिंचदऱ्याला जातात, संध्याकाळी येतात. तिथं काय करता, विचारलं. "बसतो," म्हणाले.

५ जानेवारी २०२५, रविवार

तेविसाव्या फोटोशेजारी मजकूर नको, नुसती त्या माणसांची नावं असावीत, असं मनात आलं. कुठं लावायची, कोण बघणार, ते माहीत नाही. अब्बांना विचारलं, हजेरीचा कागद कुठं मिळेल का.

"कागद कशाला," ते म्हणाले. "चार महिने रोज सकाळी हाक मारली. पन मागंपुढं होईल. आवडाबाई पाहिजे."

१३ जानेवारी, सोमवार

तिघं लिंबाखाली बसले होते. अब्बा, आवडाबाई आणि धम्मपाल. सात दगड अजून तिथं आहेत, शेंदूर ताजा. मी वही उघडली. कॅमेरा गाडीत होता. तीन वाजता चितेगावला पोचायचं होतं, नव्या पंपाचे फोटो.

अब्बा मांडी घालून ताठ बसले, समोर कोणी उभं असल्यासारखं बघितलं आणि सुरू केलं. आवाज घरातला नव्हता. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"रामकिसन लक्षुमन."

"गेला," आवडाबाई म्हणाली. "नव्वदला."

"द्वारका रामकिसन."

"ती बी गेली."

"बन्सी भिवा."

"आजोबा," धम्मपाल म्हणाला. "मी दोन वर्साचा होतो तवा गेले."

"केसरबाई बन्सी."

"गेली. कोरोनात," तोच म्हणाला.

मी लिहीत होतो. नावाला नाव लागून येत होतं, कोणाचा नवरा, कोणाची सून, कोणाची सावत्र आई. दोनदा अब्बा अडले, तेव्हा तिनं मागचं घर सांगितलं आणि गाडी पुढं निघाली. एक जण सुरतेला असतो. एक बाई लासूर स्टेशनला मुलीकडं आहे, तिला दिसत नाही, पण ऐकू येतं. बाकी बहुतेक गेले. आवडाबाई प्रत्येकाला तेवढ्याच आवाजात गेला, गेली म्हणत होती, आणि अब्बा प्रत्येक वेळी तिचं म्हणून होईपर्यंत थांबत होते.

"सांडू गनपत."

"गेला," ती म्हणाली. "माझा मालक," हे माझ्याकडं बघून.

"आवडाबाई सांडू."

तिनं पदर डोक्यावर ओढला.

"हाजर."

अब्बांची मान हलली नाही. हजेरीत मुकादम थांबत नसतो.

"इठाबाई किसन," ते म्हणाले.

शंभराच्या वर नावं अजून बाकी होती. मी चितेगावला फोन करून सांगितलं की आज जमणार नाही, आणि इठाबाईचं नाव लिहून घेतलं.